वासंतीला यातलं काही कळत नाही

दिवेलागणीला आमच्या घरात एक तास भरतो. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला माझा मुलगा केदार बसतो, वय अठ्ठेचाळीस. समोर माझी बायको वासंती बसते, मटार सोलत. केदार जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर मार्करने चित्रं काढून तिला काहीतरी समजावून सांगत असतो आणि ती मधूनमधून ‘म्हणजे?’ असं विचारते. मी आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेला असतो. माझ्या हातात पुस्तक असतं. ते बरेच दिवस त्याच पानावर आहे.

त्या तासाला मला प्रवेश नाही. तसं कोणी बोललेलं नाही. पण मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आलो की केदारचा मार्कर थांबतो, आणि मी आत गेलो की पुन्हा चालू होतो. माणसाला याहून स्पष्ट काय सांगायचं?

मी गणिताचा शिक्षक. निवृत्त होईपर्यंत पेठेतल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवलं. चांगला शिक्षक होतो की नाही, हे मला कधीच नीटसं ठरवता आलं नाही. मुलं माझ्या तासाला शांत बसत. शांत वर्ग म्हणजे समजलेला वर्ग, असं आम्ही शिक्षक धरून चालत होतो. वासंती पोस्टात कारकून होती. तिने मॅट्रिकनंतर गणित सोडलं आणि ते सोडल्याचा आनंद तिला अजूनही होतो.

केदार खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तारुण्यात लागला तो आजपर्यंत तिथेच. गेल्या दिवाळीनंतर कंपनीने सगळ्यांना कळवलं की आता कामाची तऱ्हा बदलली, उदाहरणं पाहून स्वतः शिकणारी यंत्रं आली, तेव्हा प्रत्येकाने त्या विषयाची परीक्षा द्यायची. जो पास होणार नाही त्याला बेंचवर बसवणार. बेंचवर म्हणजे पगार चालू, काम नाही, आणि तिथून थोड्याच दिवसांत घरी. केदार पहिल्या खेपेला नापास झाला. दुसरी खेप जानेवारीच्या शेवटी होती, आणि तीच शेवटची.

हे त्याने आम्हाला रात्री जेवताना सांगितलं. पोळीचा तुकडा भाजीत बुडवून तो तसाच धरून बसला होता.

‘श्रद्धाला विचार ना,’ वासंती म्हणाली. श्रद्धा म्हणजे आमची सून. ती हिंजवडीला नोकरी करते आणि तिच्या कंपनीतली असलीच परीक्षा ती मागच्या वर्षी एका फटक्यात पास झाली होती.

‘विचारलं होतं,’ केदार म्हणाला.

‘रविवारी,’ श्रद्धा म्हणाली. ‘मंगळवारपर्यंत आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.’

मग मी म्हणालो की आपण बसू या का. म्हणताना मी थोडी घाईच केली, कारण ही संधी मला पूर्वी एकदा मिळता मिळता गेली होती. केदार नववीत असताना त्यानेच सांगितलं होतं की मला बाहेरच्या क्लासला घाला. त्या क्लासच्या सरांचा फोटो चौकातल्या फलकावर असे, भोवती गुणवत्ता यादीतल्या मुलांचे छोटे छोटे फोटो. मी सायकलवरून शाळेत जाताना तो चौक टाळून लांबच्या रस्त्याने जायचो. घरी गणिताचा मास्तर असून पोरगा दुसरीकडे शिकतो, हे लोकांना खटकायच्या आधी मलाच खटकत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो.

‘आधी मला सांग, फलन, म्हणजे तुमचं फंक्शन, म्हणजे काय?’

‘बाबा, ते मला येतं.’

‘येतं तर सांग.’

त्याने सांगितलं. थोडं चुकलं. मी दुरुस्त केलं. पुढचं वाक्य त्याने जपून उच्चारलं, तेही थोडं चुकलं, मी दुरुस्त केलं. आणखी दोन-तीन वाक्यांनंतर तो गप्प झाला. मला वाटलं, समजलं.

‘जरा डोकं दुखतंय,’ तो म्हणाला आणि उठला.

त्यानंतरच्या संध्याकाळी तो टेबलाशी एकटाच कागद पसरून बसला होता. वासंती मटाराची पिशवी आणि परात घेऊन समोर बसली.

‘काय रे ते, ज्याने तुझं एवढं डोकं दुखतंय?’

‘तुला नाही कळायचं, आई.’

‘नाहीच कळणार. मला कुठे परीक्षा द्यायचीय? मटार संपेपर्यंत सांग.’

त्याने सांगायला सुरुवात केली. यंत्राला आपण नियम सांगत नाही, उदाहरणं दाखवतो, वगैरे. ‘म्हणजे?’ वासंती म्हणाली. तो दोन पायऱ्या मागे गेला. ‘म्हणजे?’ ती पुन्हा म्हणाली. तो आणखी मागे गेला. अशी ती त्याला मागे मागे नेत राहिली, आणि जिथे त्याला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं तिथे तो येऊन अडकला, तेव्हा त्याने पुस्तक उघडलं, वाचलं आणि मग तिला सांगितलं. मी आतून सगळं ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी ती ते साफ विसरली होती. ‘काल काय म्हणालास? ते यंत्र चुकतं, आणि मग?’ त्याने पुन्हा सांगितलं, आणि कालच्यापेक्षा बरं सांगितलं. मी इतकं विसरलो असतो तर शरमेने मान वर केली नसती. तिला त्याचं काही नव्हतं.

मला माझ्या बायकोच्या अज्ञानाचा मत्सर वाटू लागला. दुसरा सभ्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. मला तिच्या खुर्चीचा मत्सर वाटायचा. कॅलेंडरची पानं ती संपल्यावर नीट घडी घालून ठेवायची, त्या घडीचाही वाटायचा. आणि सगळ्यात जास्त वाटायचा तो हसण्याचा. आमच्या घरात गणितावर कोणी हसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

‘समज आई, तू टेकडीवर आहेस. तळजाईवर. दाट धुकं पडलंय, पुढचं काही दिसत नाही, आणि तुला सगळ्यात खाली पोचायचंय.’

‘मी जाईनच कशाला धुक्यात टेकडीवर? गुडघे आहेत का मला?’

‘समज म्हणतोय ना. काय करशील?’

‘हाका मारीन. तुझे बाबा येतील शोधायला, आणि तेही हरवतील.’

केदार खो खो हसला. मग म्हणाला, ‘दिसत नसलं तरी पायाला उतार कळतो की नाही? ज्या बाजूला उतार जास्त, तिकडे एक पाऊल टाकायचं. मग थांबायचं, पुन्हा अंदाज घ्यायचा, पुन्हा पाऊल. यंत्र आपल्या चुका अशाच कमी करत करत खाली येतं.’

मटाराच्या शेंगा तुटण्याचा आवाज थोडा वेळ थांबला.

‘आणि मधेच खड्डा लागला तर? चारी बाजूंनी चढच. मला वाटणार, आलं खाली. मी तिथेच बसून राहणार.’

‘आई!’ केदार जवळजवळ ओरडला. ‘अगं हाच प्रश्न मागच्या परीक्षेत होता. मला आला नव्हता.’

‘मला तरी कुठे आलाय? खड्ड्यात बसलेय मी. पुढे सांग.’

हा प्रश्न मीही विचारू शकलो असतो. मी तो शास्त्रशुद्ध विचारला असता. पण त्यावर केदार असा ओरडला नसता, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी त्या रात्री नीट जेवलो नाही.

मग मी, मला जे एकच येतं, ते केलं. अभ्यास केला. वासंती सकाळी फिरायला गेली की मी टॅबवर परदेशातल्या एका प्राध्यापकाची व्याख्यानं लावायचो. त्यांचं इंग्रजी भरभर जाई, मी मागे नेऊन नेऊन ऐकायचो. केदारच्या विषयाचं एक जाड पुस्तक अप्पा बळवंत चौकातून आणलं आणि ते वर्तमानपत्राचं कव्हर घालून कपाटात ठेवलं. माझ्या वयात काही डोक्यात शिरेल याची मला खात्री नव्हती. पण ते शिरत गेलं. धुक्यातली ती टेकडी म्हणजे मी जन्मभर शिकवलेल्या आलेखांची नात निघाली. कित्येक वर्षांनी गणित सोडवताना माझा चहा निवून गेला.

‘काय ऐकताय कानात घालून?’ वासंतीने एकदा लवकर परत येऊन विचारलं.

‘कीर्तन.’

‘इंग्रजीतून?’

मी टॅब पालथा ठेवला.

माझी कल्पना अशी होती की एक दिवस केदार अडेल. वासंतीला अर्थातच काही सांगता येणार नाही. मग तो आतल्या खोलीकडे मान वळवून हाक मारेल, ‘बाबा?’ मी पुस्तक मिटून सावकाश बाहेर येईन. ही कल्पना मी इतक्या वेळा मनात घोळवली होती की तिच्यात मी कोणता सदरा घातला आहे तेही ठरलं होतं.

पण केदार अडत नव्हता. उलट रोज थोडा थोडा पुढे जात होता. परीक्षेच्या आधीच्या सोमवारी तो पुन्हा त्या टेकडीपाशी आला.

‘पावलं लहान घ्यायची, आई. जितकी लहान, तितकं बरं.’

‘चूक!’

हा आवाज आतल्या खोलीतून आला आणि तो माझा होता.

मी बाहेर आलो. हाक कोणीच मारली नव्हती. केदारच्या हातातला मार्कर मी घेतला. पाऊल फार लहान घेतलं तर जन्मभर चालत राहशील आणि खाली पोचणार नाहीस, फार मोठं घेतलंस तर दरी ओलांडून पलीकडच्या चढावर जाशील; तेव्हा पाऊल किती घ्यायचं याचं गणित आहे, आणि ते असं. मी फेब्रुवारीची मागची बाजू भरली, मार्चची भरली, एप्रिल अर्धा भरला. एकही पायरी गाळली नाही. शेवटी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, शाळेत ओढायचो तशा, आणि वळलो.

‘समजलं?’

केदार माझ्याकडे बघत होता. ती नजर मला पाठ होती. तिसऱ्या बाकापासून मागे सगळा वर्ग माझ्याकडे तसाच बघायचा.

‘बाबा,’ तो म्हणाला, ‘माझ्याऐवजी तुम्हीच परीक्षेला बसा.’

रागावून नाही म्हणाला. माझ्या हातातून मार्कर घेऊन त्याने त्याला टोपण लावलं आणि तो आपल्या खोलीत गेला.

‘झालं समाधान?’ वासंतीने विचारलं.

‘अगं, तो चुकीचं सांगत होता.’

‘कोणाला? मलाच ना? मी काय उद्या लगेच यंत्र बांधायला घेणार होते?’ तिने परात उचलली. ‘माझ्यापुढे चुकायला त्याला जरा जागा होती. तीही तुम्ही भरून टाकलीत. एप्रिलपर्यंत.’

दुसऱ्या दिवशी तास भरला नाही. केदार उशिरा आला आणि थेट खोलीत गेला. बुधवारी मी पाणी प्यायला निघालो तेव्हा स्वयंपाकघरात तो श्रद्धाशी बोलत होता. मी पॅसेजमध्येच थांबलो.

‘शनिवारी मी जातच नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. त्यांनी काढण्यापेक्षा आपणच निघालेलं बरं.’

‘आणि मग?’

‘बघू. मला नाही ग शिरत आता डोक्यात. आई काय, तिला काहीही सांगितलं तरी खपतं. आपल्याला वाटतं येतंय. बाबांनी दहा मिनिटांत दाखवून दिलं, काय येतंय ते.’

मी तसाच कोरडा परत फिरलो. चौकातल्या फलकावरच्या त्या सरांचा मी इतकी वर्षं हेवा केला. त्यांनी निदान पोराला पास तरी केलं होतं.

गुरुवारी रात्री वासंती पिशवी भरायला लागली. शुक्रवारी चिंचवडला तिच्या बहिणीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं आणि ती तिथेच राहणार होती. हे महिन्यापूर्वी ठरलेलं होतं.

‘उद्या शेवटची संध्याकाळ,’ मी म्हणालो. ‘तू नसलीस तर...’

‘तर तुम्ही आहात. मी त्याला सांगितलंय, परीक्षेला गेल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. उद्या तुम्ही बसा त्याच्यापुढे.’

‘तो बसेल माझ्यापुढे?’

‘नाही बसला तर मटार तरी सोलून होतील. दोन किलो आणून ठेवलेत.’ तिने साडीची घडी पिशवीत दाबली. ‘फक्त तोंड उघडायचं नाही.’

‘अगं, पण मला ते सगळं येतं.’

‘माहितेय. कीर्तनं ऐकलीत ना.’

‘मग मी येत नाही असं कसं दाखवू?’

‘दाखवू नका. तुम्हाला नाटक जमत नाही, लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही तुमच्या तोंडावर दिसत होतं की पाय दुखतायत. येत नाही ते विचारा. असेल की काहीतरी, शोधा.’

शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्या खुर्चीत बसलो. ज्या खुर्चीसाठी मी इतका झुरलो होतो ती फारशी आरामशीर नव्हती. समोर परात होती, पिशवी होती. केदार आला, त्याने बूट काढले, माझ्याकडे पाहिलं.

‘आई?’

‘चिंचवडला. डोहाळजेवण.’

‘हो, विसरलोच.’ तो खोलीकडे वळला.

‘केदार, ते यंत्र शिकतं म्हणजे नक्की काय, मला जरा सांगशील?’

‘बाबा, कशाला? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं.’

नाही म्हणता येईना. मी शेंग मोडली. ती अशी मोडली की दाणे परातीत न पडता टेबलाखाली उडाले. दुसरी मोडली, तेच झालं. केदार वाकला आणि खाली पडलेले दाणे गोळा करायला लागला. त्याच्या डोक्यावरचे केस मधोमध विरळ झाले आहेत हे मला वरून दिसलं. कधी झाले ते माहीत नव्हतं. आणि मग जे तोंडातून निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

‘तू ऑफिसात करतोस काय रे?’

‘म्हणजे?’ टेबलाखालून आवाज आला.

‘म्हणजे सकाळी जातोस, संध्याकाळी येतोस. मधे काय करतोस? लोकांना मी सांगतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पुढे कोणी विचारलं नाही म्हणून आजवर निभावलं.’

तो वर आला. मी नाटक करतोय का हे त्याने थोडा वेळ तपासलं. मग दाण्यांची मूठ परातीत सोडून तो समोरच्या खुर्चीवर बसला.

‘मी मोडतो, बाबा.’

‘काय मोडतोस?’

‘दुसऱ्यांनी केलेलं. ते लोकांच्या हातात जायच्या आधी माझ्याकडे येतं. मी ते कुठे मोडतंय ते बघतो. मोडलं की परत पाठवतो.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे...’ त्याने मान खाजवली. ‘एकदा एका हॉस्पिटलचं काम होतं. पेशंटने वय, आजार भरायचा, की आपोआप डॉक्टरांची वेळ मिळणार. सगळ्यांनी तपासलं, उत्तम चालत होतं. माझ्याकडे आल्यावर मी वय घातलं एकशे दोन.’

‘मग?’

‘त्याने आजींना बालरोगतज्ज्ञांची वेळ दिली.’

‘का पण?’

‘वयाचे शेवटचे दोनच आकडे धरत होतं. एकशे दोनचं झालं दोन.’

मी हसलो. मला इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. तोही हसत होता.

‘पण एकशे दोन घालावं हे तुला सुचलं कसं? पुस्तकात असतं?’

‘पुस्तकात नसतं. सगळं नीट चाललं की मला संशयच येतो. मग मी कोणी घालणार नाही असं काहीतरी घालतो.’

‘संशय घ्यायचं काम आणि त्याचा पगार?’

‘आणि वर्षाला एक शाबासकी.’

मी विचारत गेलो. परत पाठवल्यावर ज्याने केलंय तो चिडत नाही? चिडतो. मग? मग त्याला चहा पाजायचा. मोडलेलं कळवायचं कसं? ज्याला काही माहीत नाही त्यालाही जसंच्या तसं पुन्हा मोडता येईल, असं लिहायचं. मला खरोखर यातलं काही माहीत नव्हतं. माझा मुलगा आयुष्यभर काय करत होता ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकत होतो.

‘आणि आता ही नवी यंत्रं आली, ती कशी मोडणार?’ मी विचारलं. हाही प्रश्न मला पडला म्हणून विचारला. जाड पुस्तकात हे असं कुठे दिलेलं नव्हतं.

केदारने कॅलेंडरचं पान ओढलं. एप्रिल. माझी अर्धी बाजू त्याने उलटी फिरवली आणि उरलेल्या कोऱ्या जागेत लिहायला लागला.

‘हे बघा. आपण यंत्राला हजार उदाहरणं देतो सरावाला. त्यातली बरीचशी ते चुकतं, सुधारतं, चुकतं, सुधारतं. शेवटी सरावाची हजारच्या हजार बरोबर सोडवली, की समजायचं, शिकलं.’

चूक. साफ चूक. माझी जीभ टाळूला लागली. मी परातीतले मूठभर दाणे उचलले आणि तोंडात कोंबले. कच्चे, गोडसर, भरपूर. केदार पानाकडे बघत होता. मी चावत होतो. सबंध नोकरीत मला इतकं जड काही गेलं नसेल.

‘नाही. थांबा,’ तो पानाशीच बोलला. ‘हजारच्या हजार? सगळं नीट चाललंय? इथे मला संशय यायला पाहिजे.’ त्याने लिहिलेलं खोडलं. ‘ते शिकलं नसेल, बाबा. त्याने पाठ केलं असेल. सरावाचीच उदाहरणं परत विचारून काय कळणार? त्याने आधी न बघितलेलं द्यायला हवं. एकशे दोन वर्षांची आजी द्यायला हवी!’

‘म्ह?’ मी म्हणालो. तोंड भरलेलं होतं.

‘म्हणजे उदाहरणांचा एक गठ्ठा आधीच बाजूला दडवून ठेवायचा. यंत्र शिकत असताना तो दाखवायचाच नाही. अरे, हे तर माझंच काम आहे!’

त्यानंतर त्याला माझी फारशी गरज उरली नाही. तो बोलत होता, लिहीत होता, खोडत होता. परीक्षेतला एकेक भाग घेऊन तो कुठे मोडेल, का मोडेल, ते मला सांगत होता. दोन ठिकाणी चुकला. एक चूक त्याने स्वतः पकडली. दुसरी राहिली. मी ती राहू दिली. ती अजूनही कधीतरी मला टोचते. श्रद्धा आली, आमच्याकडे पाहून चपला हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली. दोन किलो मटारांतले पाव किलो तरी मी खाल्ले असतील.

शनिवारी केदार परीक्षेला गेला. दुपारी फोन वाजला. वासंतीचा होता.

‘अहो, पास झाला! थोडक्यात झाला, पण झाला.’

‘तुला कोणी सांगितलं?’

‘केदारने. आत्ता फोन आला ना.’

‘मला नाही आला.’

‘तुमचा फोन कुठे होता?’

‘हातात.’

‘अहो, तो पास झाला म्हणतेय मी.’

‘हो, ऐकलं.’

मला आनंद झाला. पण आधी दुसरं काहीतरी झालं, आणि मग आनंद झाला. तो क्रम मला बदलता आला नाही.

संध्याकाळी केदारने पेढे आणले. पहिला देवापुढे, दुसरा आईच्या हातावर. ‘आईमुळे,’ तो श्रद्धाला म्हणाला. ‘रोज बसली माझ्यापुढे.’

‘आणि शुक्रवारी?’ वासंतीने विचारलं.

‘शुक्रवारी अभ्यास नाही झाला. बाबांना माझ्या कामाच्या गमती सांगत होतो.’

वासंतीने माझ्याकडे पाहिलं. मी पेढा खाल्ला. तो चुकीचं सांगत होता, आणि मी काही बोललो नाही.

राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही. पण या गोष्टी आता संपत नसतात असं दिसतं. मार्चमध्ये कंपनीने पुढच्या भागाची परीक्षा जाहीर केली. त्याचा अभ्यासक्रम केदारने छापून आणला, कागद दोन दिवस टेबलावर पडून होते. मी त्यांना हात लावला नाही. माझ्यासारख्या माणसाला समोर छापील कागद असताना न वाचणं काय असतं, ते मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही. मी त्या टेबलाजवळून जाताना चष्मा काढून ठेवायचो.

तास पुन्हा सुरू झाला. मटार संपले होते, वासंती चिंच साफ करायला घेऊन बसली.

‘आई, तुला मागचं आठवतंय का? पाठ करणारं यंत्र...’

‘त्याला न बघितलेली उदाहरणं द्यायची. आणि पावलं फार लहान नाहीत, फार मोठी नाहीत. पुढे बोल.’

केदार पुढे बोलला. ती ‘म्हणजे?’ म्हणाली नाही. ती ‘बरोबर’ म्हणाली. पुढच्या वाक्याचा शेवट तिनेच केला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की काल सांगितलंस आणि आज सांगतोयस ते जुळत नाही, काल तू उलट म्हणाला होतास. आणि ते खरं होतं.

‘आई, तुला सगळं यायला लागलं की,’ केदार म्हणाला.

‘येणारच. किती वेळा सांगितलंस!’

बाहेर शांतता पसरली. ती शांतता मी आतल्या खोलीत बसून लगेच ओळखली, आणि मला आनंद झाला. या वेळी आधी दुसरं काही झालं नाही, सरळ आनंदच झाला. चांगल्या माणसाला असा होत नसावा.

थोड्या वेळाने वासंती चिंचेचं ताट घेऊन आत आली आणि पलंगावर बसली.

‘जा. बोलावतोय तुम्हाला.’

‘मला?’

‘हो. म्हणतो, बाबांना यातलं काही येत नसेल अजून.’ तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. ‘खरंच नाही येत?’

‘नाही.’

‘ते कागद वाचलेत?’

‘एक अक्षर नाही.’

‘कीर्तन?’

‘नाही ग.’

तिने एक चिंचोका काढून ताटाच्या कडेला ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी रोज दाढी करताना आरशात बघत आलो होतो, त्यामुळे मला फार वेळ बघावं लागलं नाही. मी उठलो, सदरा सारखा केला.

‘फार वेळ लावू नका,’ ती मागून म्हणाली. ‘जेवायची वेळ होत आली.’

खिडकीबाहेर अजून पुरतं अंधारलंही नव्हतं.